पांढरं कार्ड, पिवळं कार्ड

आमचे भावोजी एकतीस वर्षं एका खासदाराच्या कचेरीत कारकून होते आणि या एकतीस वर्षांत मी त्यांच्याशी निदान एकतीस वेळा तरी कडाडून भांडले असेन. मेहुणीला तेवढा हक्क असतो. पण त्यांच्याशी भांडण्यात मजा नव्हती, कारण समोरून उत्तरच यायचं नाही. मी तावातावानं बोलायचे, ते चष्मा पुसत बसायचे, आणि शेवटी ताई आतून ओरडायची, "अगं, भिंतीशी काय भांडतेस? ये, चहा घे."

कचेरी बॅटऱ्यांच्या दुकानावर होती. जिना चढून गेलं की एक लांब बाक, बाकावर पेन्शन अडकलेले म्हातारे आणि बदली हवी असलेल्या शिक्षिका. बाकामागे प्लायवूडची आडभिंत आणि आडभिंतीमागे भावोजी. त्यांच्या पाठीशी चोवीस खणांचं लाकडी कपाट होतं आणि त्या कपाटात साहेबांचा सगळा राजकीय जन्म कार्डांवर लिहून ठेवलेला होता. साहेब सभागृहात काय बोलले, कोणत्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं, कोणत्याच्या विरोधात, हे पांढऱ्या कार्डावर. निवडणुकीसाठी कोणी किती देणगी दिली, कोणाच्या हातात दिली, हे पिवळ्या कार्डावर. अक्षर असं की छापखान्यानं मान खाली घालावी.

पूर्वी कपाटं दोन होती. कचेरीची जागा लहान झाली तेव्हा एक विकावं लागलं. दुसऱ्या कोणी काय केलं असतं? वरचे खण पांढऱ्यांना, खालचे पिवळ्यांना. भावोजींनी तसं केलं नाही. त्यांनी दोन्ही रंगांची कार्डं एकत्र करून तारखेप्रमाणे लावली. "धाकटे, माणूस विसरतो, विषय बदलतात, तारीख बदलत नाही," असं मला सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मुलगा पहिला आल्यासारखा आनंद होता. कोणी काहीही विचारलं की मिनिटाच्या आत ते कार्ड काढून द्यायचे. म्हणून सगळा मतदारसंघ त्यांना 'कॅलेंडर' म्हणायचा. साहेबसुद्धा.

त्यांच्या कामाची एक रीत होती, ती इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. राजधानीतून दर आठवड्याला एक पाकीट यायचं, त्यात मतदानाच्या चिठ्ठ्या. महिनाअखेरीला खजिनदाराचं पाकीट यायचं, त्यात देणग्यांच्या चिठ्ठ्या. भावोजी चिठ्ठीवरून कार्ड लिहायचे, तारीख बघायचे, बोटानं फट करायचे आणि कार्ड आत सोडायचे. मागचं कार्ड कशाचं, पुढचं कशाचं, हे बघायचं नाही. "मागचं-पुढचं बघत बसलं की हात थांबतो," म्हणायचे. हात कधी थांबला नाही, हे खरं.

मी शिवणकाम करते. मला वाटायचं, हा माणूस बाह्या शिवतो, कॉलर शिवतो, पण शर्ट कधी अंगाला लावून बघत नाही.

आता ताईचं सांगते. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात ती पोती फोडायच्या विभागात होती. पोत्यातून निघायची ती पांढरी, मऊ भुकटी. ती केसात बसायची, पापण्यांवर बसायची. घरी आली की भावोजी दारातच तिचे कपडे झटकायचे आणि म्हणायचे, "या, म्हातारीबाई." हसायचो सगळे. सतरा वर्षं तिनं ते काम केलं. मग तिला खोकला लागला, मग जिना चढवेना, मग कूस बदलली तरी दम लागायला लागला. डॉक्टरांनी क्ष-किरणाचा फोटो खिडकीला धरून दाखवला. छातीत धूळ बसली होती आणि ती आता निघणार नव्हती.

त्याच वर्षी सभागृहात धुळीचा कायदा आला. कारखान्यांनी धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवायची आणि जे आधीच आजारी पडलेत त्यांना जन्मभर अर्धा पगार आणि औषधपाणी द्यायचं. साहेब ताईला बघायला घरी आले होते. तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "वहिनी, हा कायदा होणार. माझं मत त्याला आहे, हा माझा शब्द." मी तिथे उभी होते. ढोंग करत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या घडीला ते खरंच बोलत होते. पुढे आठवड्याभरात त्यांनी ताईसाठी प्राणवायूचं यंत्र पाठवलं. एरवी तसलं यंत्र आमच्या सात पिढ्यांना परवडलं नसतं.

कायदा तीन मतांनी पडला. साहेब त्या दिवशी सभागृहात नव्हते.

भावोजी संध्याकाळी घरी आले आणि ताईला म्हणाले, "साहेबांना ताप आहे गं. अंगातून वाफा निघतायत म्हणे. फोन आला होता, मीच कार्ड लिहिलं. आणि साहेब असते तरी दोन मतांनी पडलाच असता." ताईनं नाकाशी नळी सारखी केली. मग म्हणाली, "ताप फार नाही ना?"

दुसऱ्या दिवशी, भावोजी कामावर गेल्यावर, कारखान्यातली ताईची जोडीदारीण आली. दोघी पोत्याच्या दोन बाजूंना उभं राहून सतरा वर्षं काम केलेल्या. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. आली ती खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाली. आदल्या रात्री कारखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये मालक मंडळींनी साहेबांना जेवण दिलं होतं, निवडणूक निधीसाठी, आणि वाढायला कामावरच्या बायका लावल्या होत्या. "ताप कसला बाई! मी स्वतः वाढलंय. दोनदा घेतलं साहेबांनी, आणि वर गोड."

माझं डोकंच फिरलं. मी चपला घालत होते, कचेरीत जाऊन त्या कार्डाचे तुकडे करायला. ताईनं माझा हात धरला. तिच्या हातात तेव्हा पेला धरायचं बळ नव्हतं, पण मला तो सोडवता आला नाही. "ह्यांना सांगायचं नाही," ती म्हणाली. एकेका शब्दाला थांबत म्हणाली. "हे आजच नोकरी सोडून येतील. आणि मग उरलेले दिवस माझ्याकडे बघवणार नाही त्यांना. शपथ घे."

मी शपथ घेतली. जोडीदारणीनंही घेतली, आणि त्या बाईनं ती पाळली, हे मी तिचं मोठेपण समजते.

ताई त्यानंतर आठ महिने होती. रोज संध्याकाळी भावोजी घरात आले की यंत्राच्या नळीमागून ती विचारायची, "साहेबांना बरं वाटतंय ना आता?" आणि भावोजी चपला काढता काढता सांगायचे, "हो, हो, ठणठणीत आहेत." ताईच्या सोबतीला मी शिवणाचं मशीन घेऊन तिथेच राहायला आले होते, शेजारच्या खोलीत असायचे. दात ओठ खाऊन पायडल मारायचे.

अकरा वर्षं मी ते पोटात ठेवलं आणि आंबवलं. भावोजी बारीक होत गेले, डोळ्यांत मोतीबिंदू आला, तरी कचेरी सुटली नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं मी त्यांना तोंडावर म्हणायचे. त्यांना वाटायचं मेहुणी फटकळ आहे, झालं.

मग यंदा साहेबांची सातवी निवडणूक आली. त्यांच्या कारकिर्दीचा गौरवग्रंथ काढायचं ठरलं. सहा वेळा निवडून आलेल्या माणसानं देशासाठी काय काय केलं, कोणत्या कायद्यांना हात वर केला, त्याची तारीखवार यादी. यादी अर्थात कॅलेंडरकडे. पण डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि कार्ड नाकाला लावलं तरी त्यांना ते पुसट दिसत होतं. म्हणून दुपारी माझं शिवणाचं दुकान बंद ठेवून मी कचेरीत जाऊ लागले. मी वाचायचं, ते सांगतील ते लिहायचं.

पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "पिवळी सोडून दे. फक्त पांढरी वाच."

मी म्हटलं, "बरं," आणि सगळी वाचायला लागले.

खोटं कशाला बोलू, मी सूड घ्यायलाच बसले होते. शपथ सांगायची नाही अशी होती. वाचायचं नाही असं ताई म्हणाली नव्हती.

साहेबांनी कामं केली होती, हे मला मान्य करावं लागलं. विधवांची पेन्शन, मुलींची वसतिगृहं, नदीवरचा दुसरा पूल, त्यासाठी सभागृहात चार वेळा भांडले होते, आणि त्या चारही कार्डांच्या आसपास पिवळं काही नव्हतं. पण बाकी ठिकाणी पांढऱ्याशेजारी पिवळं असं बसलेलं की जणू लग्न जमलेलं. रस्ते ठेकेदाराची देणगी सहा तारखेला, आणि दहा तारखेला रस्त्यांच्या दुरवस्थेबद्दल भाषण.

"भावोजी, साहेबांना तळमळ नेमकी चौथ्या दिवशी कशी हो लागते?"

"योगायोग," ते म्हणाले.

औषध कंपनीची देणगी एकोणीसला. औषधांच्या किमती बांधायच्या कायद्याला विरोध, बावीसला.

"योगायोग."

साखर कारखानदार, खाणवाले, खासगी कॉलेजवाले. चौथ्या दिवसापर्यंत ते 'योगायोग' म्हणायचे थांबले होते. नुसतं "पुढचं" म्हणत होते. आणि मी निर्दयपणे पुढचं वाचत होते, कारण मला माहीत होतं आम्ही कोणत्या खणाकडे चाललोय.

सोळाव्या खणात ते वर्ष होतं. मी वाचलं, "पांढरं. तारीख चौदा. धुळीचा कायदा. गैरहजर. कारण, ताप."

"हो," भावोजी म्हणाले. आवाज मऊ झाला होता. "लिही, सर्व टप्प्यांवर पाठिंबा, आजारपणामुळे मतदानास अनुपस्थित."

"पिवळं," मी म्हटलं. "तारीख चौदा. पत्रा कारखाना मालक संघ. निवडणूक निधी. स्थळ, कारखान्याचा हॉल, भोजनसमारंभ. हस्ते, स्वतः साहेब."

त्यांनी हात पुढे केला. मी दोन्ही कार्डं दिली. ती त्यांनी डोळ्यांशी नेली, मग खिडकीपाशी नेली, अगदी तशीच जसा डॉक्टरांनी ताईचा फोटो उजेडाला धरला होता. अक्षर त्यांचंच होतं. पांढरं कार्ड लिहून लावलं त्याच दिवशी, पिवळं महिनाअखेरीला. फट केली, आत सोडलं. अकरा वर्षं ती दोन कार्डं एकमेकांना चिकटून उभी होती.

माझा सूड पुरा झाला होता. मला बरं वाटायला हवं होतं. पण पिवळ्या कार्डाच्या मागच्या बाजूलाही काही लिहिलेलं मला दिसलं. त्या देणगीतून झालेला खर्च मागे लिहायची पद्धत होती. मी कार्ड परत घेतलं आणि वाचलं, आणि ते मात्र मला माहीत नव्हतं.

मागे मांडव होता, भित्तिपत्रकं होती, गाड्यांचं भाडं होतं. आणि चौथी ओळ, त्याच सुंदर अक्षरात: 'कर्मचाऱ्याच्या पत्नीसाठी प्राणवायू यंत्र, दुकानदाराची बाकी.'

म्हणजे ताईची छाती ज्यांनी भरली, त्यांच्याच पैशावर ती शेवटचे आठ महिने श्वास घेत होती. मला मोठ्यानं रडू आलं. आडभिंतीपलीकडे बाकावरची माणसं गप्प झाली.

"हे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला वाटलं, निधी म्हणजे निधी," ते म्हणाले. "टाकीत कोणत्या नळाचं पाणी, हे कोण बघतं? खजिनदारानं देणगीची तारीख दिली, मी कार्ड काढलं, उलटं केलं, लिहिलं." मग म्हणाले, "मी तिला सांगितलं होतं, ताप आहे."

माहीत नव्हतं, की बघायचं नव्हतं? हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा त्यांनाही येत नसावं.

दुसऱ्या दिवशी साहेब कचेरीत आले तेव्हा भावोजी पांढरं कार्ड घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. जिन्यावर धडपडतील म्हणून मी बरोबर होते. साहेब आता थकलेत, कानाला यंत्र आहे. "बस रे कॅलेंडर," ते प्रेमानं म्हणाले. भावोजी बसले नाहीत.

"साहेब, या कार्डावर ताप लिहिलाय. तो नव्हता."

साहेबांनी कार्ड घेतलं, वाचलं, आठवायला वेळ लागला. मग ते खुर्चीत मागे टेकले. "एवढ्या वर्षांनी हे कशाला उकरतोस? मी असतो तरी पडलाच असता."

"हो साहेब. मी तेच सांगितलं होतं घरी."

"निवडणूक तोंडावर होती. समोरच्यानं पैशाचा पाऊस पाडला होता. मी पडलो असतो तर पूल झाला असता? वसतिगृहं झाली असती?" आवाज चढला आणि उतरला. "आणि वहिनींचं यंत्र कुठून आलं, तेही तूच लिहिलंयस ना?"

"मागच्या बाजूला," भावोजी म्हणाले.

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले. ते साहेबांना म्हणाले, "दुरुस्ती करू का?"

साहेबांनी कार्ड टेबलावरून परत सरकवलं. "कार्डावर कर," ते म्हणाले. "पुस्तकात नको."

भावोजींची दुरुस्तीची रीत अशी की जुनं खोडून काळं करायचं नाही, वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर खरं लिहायचं आणि सही करायची. एकतीस वर्षांत त्यांना स्वतःचं कार्ड दुरुस्त करावं लागलं नव्हतं. त्यांनी मला पट्टी धरायला लावली. 'ताप' या शब्दावर रेघ मारली, वर लिहिलं, 'जेवणास गेले होते'. सही केली, तारीख घातली आणि कार्ड परत त्याच जागी, पिवळ्याच्या शेजारी लावून टाकलं. मग कपाटाच्या किल्ल्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. ग्रंथ पुढे दुसऱ्या कोणी पुरा केला. त्यात 'पत्रा कामगारांचे खंदे पाठीराखे' असं एक वाक्य आहे, मी वाचलंय.

घरी आल्यावर ते ताईच्या खाटेवर बसून राहिले. कोपऱ्यात ते यंत्र अजून होतं, मी शिवलेल्या निळ्या खोळीत. दोन दिवस त्यांनी धड खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "धाकटे, हे यंत्र तिच्या जोडीदारणीला देऊन येऊ. तिलाही दम लागतो म्हणे आता."

ताई गेली, कार्ड उघडं पडलं, आता शपथ कसली, असं म्हणून ती बाई दारातच सगळं ओकणार. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी खोळीच्या नाड्या बांधत होते, तशीच थांबले.

"भावोजी, ताईला माहीत होतं."

त्यांनी मान वर केली नाही.

"दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. जोडीदारणीनं स्वतः वाढलं होतं त्या जेवणात. मीही होते तिथे. तुम्हाला सांगायचं नाही अशी ताईनं शपथ घातली."

"माहीत होतं," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता. मग त्यांचा चेहरा वाकडातिकडा झाला. "मग ती रोज का विचारायची? साहेबांना बरं वाटतंय का, म्हणून? आठ महिने! मी चपला काढायचो आणि सांगायचो, ठणठणीत. ती ऐकून घ्यायची. का विचारायची मला?"

मीही तिला एकदा हेच विचारलं होतं. शेवटच्या महिन्यात, तिचे केस विंचरताना.

"तुम्हाला माहीत आहे का, ते बघायला," मी म्हटलं. "तुम्ही उत्तर देताना ती तुमच्या तोंडाकडे बघायची. मला म्हणाली, 'ह्यांना खरंच माहीत नाही गं. निदान घरात तरी मला कोणी फसवलं नाही.' आणि हसली."

सवयीनंच भावोजींनी विचारलं, "हे कधी म्हणाली ती? तारीख?"

मी आठवून पाहिलं. शेवटचा महिना एवढंच आठवत होतं. वारही सांगता येईना. मला इतकी लाज वाटली की मी काहीतरी ठोकून देणार होते, बारा म्हटलं असतं, तेरा म्हटलं असतं.

"असू दे," भावोजी म्हणाले. त्यांनी हातांत तोंड लपवलं आणि ते रडायला लागले, ताई गेली तेव्हासुद्धा रडले नव्हते तसे. "असू दे. तारीख नको."

मग आम्ही दोघांनी ते यंत्र उचललं आणि जिना उतरायला लागलो. त्यांना पायऱ्या दिसत नव्हत्या, म्हणून मी पुढे होऊन एकेक मोजत होते.